किल्ली कोणाजवळ?

धान कापणीला आलं की माझं घरात लक्ष लागत नाही. चंद्रपुरात राहून इतकी वर्षं झाली, आता माझ्याजवळ ना धानाची बांधी उरली ना बैल. तरी गावाकडून कोणी नव्या तांदळाची पिशवी घेऊन येतो, तो नुकत्याच कापलेल्या धानाच्या तणसाचा वास अंगावर घेऊन येतो, आणि माझं बूड जागेवर टिकत नाही. चहा ठेवते आणि विसरते. कपाट आवरायला काढते, अर्धं आवरते, तसंच सोडते. त्यात बाहेरून भोंगा लावलेली जीप जाते. अमुक गावी मंडईची जत्रा, दिवसा बैलांचा शंकरपट, रात्री तीन अंकी धमाकेदार सामाजिक नाटक. मी दारात जाऊन उभी राहते. शेजारीण विचारते, कोणी यायचं आहे का? नाही म्हणते आणि पुन्हा आत येते.

यंदा त्यात भर पडली. निवृत्त झाले तरी कॉलेजातल्या मुली येतात, प्रश्नपत्रिका दाखवतात. परवा एकीने दाखवलेला प्रश्न ठरलेलाच होता. कथानक, पात्र आणि आशय यांचा परस्परसंबंध उदाहरणांसह स्पष्ट करा. उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण मीच ते वर्षानुवर्षं मुलींना सांगत आले. कथानक म्हणजे काय घडतं, पात्र म्हणजे कोणामुळे घडतं, आणि आशय म्हणजे ते सगळं मिळून आपल्याला काय सांगतं. चुलीचे तीन दगड म्हणा, एक काढला की भांडं कलंडतं. मुलींना हा चुलीचा दाखला फार आवडायचा. ज्यांच्या घरी गॅस होता त्यांना तर जास्तच.

मला स्वतःला तो कधी पटला नाही. चुलीचे दगड एकमेकांशी भांडत नाहीत. गोष्टीतले भांडतात. पात्राला एकीकडे जायचं असतं, कथानक त्याला दुसरीकडे ओढतं, आणि आशय म्हणजे कडेला उभा राहून दोघांना उपदेश करणारा मोठा भाऊ. मी हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. माझा मोठा भाऊ खरंच तसा उभा होता.

ते वर्ष ऐंशीच्या दशकातलं. सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. धान पोटरीत असताना मी माजरीहून, सासरहून निघून आले होते. लग्नाला दोन पावसाळेही झाले नव्हते. वडील आधीच गेलेले. घरात आई, भाऊ आणि मी. भाऊचं नाव सुखदेव, पण तो शाळेत मास्तर, म्हणून सगळं गाव त्याला गुरुजी म्हणायचं.

मी आले त्या दिवशी आईने मला पाणी दिलं, जेवू घातलं, आणि ताट उचलता उचलता विचारलं, "मारते का?"

"नाई."

"पेते का?"

"नाई."

"दुसरी हाय का कोनी?"

"नाई माय."

"मग काऊन आली?"

मी तांब्या घेऊन हात धुवायला उठले. आई वाईट नव्हती. तिने जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली, आम्हाला शिकवलं, विहारात दर पौर्णिमेला सगळ्यात पुढे बसायची. पण सासर सोडून आलेल्या मुलीच्या मागे एक गोष्ट असावी लागते, आणि त्या गोष्टीत एक वाईट माणूस असावा लागतो, हे तिचं पक्कं होतं. माझ्या गोष्टीत तो नव्हता. मारझोड नाही, दारू नाही, म्हणजे कथानकच नाही. आई सगळ्यांना सांगत सुटली की पोरगी कापणीपुरती आली, मंडईला जवाईबापू येतील आणि घेऊन जातील.

जवाईबापू कोळशाच्या खाणीत होते. आवाज मऊ. कोणाशी भांडण नाही, पगार झाला की सरळ घरी. कंपनीच्या कॉलनीत एका ओळीतले क्वार्टर होते, त्यातला एक आमचा. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे डोक्यापेक्षा उंच भिंतीचं इवलंसं अंगण. ते पाळीवर निघाले की बाहेरून कडी लावायचे, कडीला कुलूप घालायचे, आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकून जायचे. "इथी दहा मुलखाची लोकं हायत," म्हणायचे, "तुह्याच काळजीनं लावतो." आणि खरंच काळजीने लावायचे, हीच तर अडचण. परत येताना माझ्यासाठी कधी पेरू, कधी गजरा. मी गजरा घालायची. दाखवणार कोणाला, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

कॉलनीच्या मैदानात शनिवारी पडदा लावून सिनेमा दाखवायचे. दुसरी पाळी असली की ते खाणीत, मी कुलपाच्या आत, आणि सिनेमा मैदानात. मी आख्खे सिनेमे नुसते ऐकले. खिडकीशी बसून. कोण बोलतो, कोण रडतो, दार कुठलं वाजलं, गाडी कोणाची आली, यावरून मी मनात सगळं जुळवायची. चित्र नसलं की माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. खरखरीत आवाजाचा तो खलनायक, गोड आवाजाचा तो नायक, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी शेजारची बाई खिडकीच्या जाळीतून मला खरी गोष्ट सांगायची. ती सिरोंच्याकडची, घरात तेलुगू बोलायची, माझ्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत. एकदा मी तिला म्हटलं, तो हळू बोलणारा किती चांगला माणूस आहे. ती हसत सुटली. म्हणाली, अरे वही तो विलन है, उसीने घर जलाया.

त्या दिवशी मी हसले. रात्री ते आले, कुलूप उघडलं, आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "जेवली का?" मला सिनेमातला तो हळू बोलणारा आठवला. ते खलनायक नव्हते, आजही मी तसं म्हणणार नाही. पण चांगला माणूस आणि वाईट माणूस अशा दोनच पेट्यांत माझं जगणं बसत नव्हतं, आणि तिसरी पेटी मला कोणी शिकवली नव्हती. पुढे एका दुपारी ते कामावर जायच्या आधी पाणी भरायला नळावर गेले. मी पायात चप्पल घातली आणि बस धरली.

आता हे आईला कसं सांगायचं? कुलूप लावतात, एवढंच सांगायचं? गावात कितीतरी जणींना नवरे झोडपत होते. त्या काय म्हणाल्या असत्या? कंपनीचं क्वार्टर, बसून खायचं, आणि कुलूप लावलं म्हणून आली. म्हणून मी गप्प राहिले आणि धान कापायला गेले. विळा चालवताना निदान कोणी काही विचारत नाही.

भाऊने त्या वर्षी नाटक लिहिलं होतं. आमच्या झाडीपट्टीत कापणी झाली की नाटकाचा हंगाम. धान घरात आलं, हातात जरा सवड आली, की गावोगावच्या मंडळांना नाटकाचं वारं शिरतं. पुरुषांची कामं गावातलेच करतात, महिनाभर तालीम करून. बायकांच्या कामाला मात्र बाहेरून कलावंत बाया बोलवायच्या. त्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी येतात, संध्याकाळी तोंडाला रंग लावतात, आणि रात्रभर नाटक ओढून नेतात. तालीम नाही, पाठांतर नाही. स्टेजच्या समोर एक खड्डा खणलेला असतो, त्यात प्रॉम्प्टर संहिता घेऊन बसतो. तो खालून बोलतो, बाई वरून बोलते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे खोटं वाटतं. आम्हाला त्यात नवल वाटत नाही.

पण मग महिनाभर तालमीत नायिकेचं काम कोण करणार? एरवी कोणीतरी मिशीवाला ते वाचून दाखवतो आणि सगळे हसतात. त्या वर्षी तालीम विहाराच्या ओसरीत होती, आणि मी होते घरी रिकामी. भाऊ म्हणाला, "विमल, तू वाचत जा. तुह्या वाचनानं पोरांले टायमिंग भेटीन." असं म्हणून त्याने मला नायिका केलं. स्टेजवरची नाही, ओसरीवरची.

नाटकाचं नाव 'परतलं पाऊल'. नवरा दारुडा, बायको सोशिक. दुसऱ्या अंकात ती माहेरी येते, तिसऱ्या अंकात नवरा सुधारतो, हात जोडून दारात येतो, आणि ती म्हणते, "झालं गेलं विसरले मी. चला, आपल्या घरी." मग तो म्हणतो, "चल, उजाडलं." पडदा. हा नवरा स्वतः भाऊच करत होता. चेहरा भोळा, आवाज खणखणीत, दारूच्या थेंबाला कधी शिवला नव्हता, त्यामुळे झिंगायचा तेव्हा दाढ सुजल्यासारखा दिसायचा.

भाऊची नाटक लिहायची पद्धत उलटी होती. आधी संदेश ठरवायचा. संसार मोडू नये, हा संदेश. मग त्या संदेशापर्यंत जाणारा रस्ता आखायचा, आणि मग त्या रस्त्यावर माणसं सोडायची, पोळ्याचे बैल सोडतात तशी, सजवून आणि कासऱ्याला धरून. माझ्याकडे पाहूनच त्याला हे नाटक सुचलं, हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. आम्ही दोघं ते बोलत नव्हतो.

एका संध्याकाळी मी वाचता वाचता थांबले. "भाऊ, हे परत काऊन जाते?"

"कोन?"

"हे बाई. तो सुधरला ते ठीक हाय. पन तिले कसं समजलं का तो सुधरला?"

"हात जोडून राह्यला नं तो."

"हात तं तो पहिल्या अंकात बी जोडते."

मंडळातले हसले. भाऊ चिडला. "नाटकाचं नाव काय हाय? परतलं पाऊल. मग ते परत नाई जाईन तं कोन जाईन? तू वाच."

मी वाचलं. रोज वाचलं. झालं गेलं विसरले मी, चला आपल्या घरी. एकच वाक्य रोज म्हटलं की ते तोंडात बसतं, आणि एकदा तोंडात बसलं की आपलंच वाटायला लागतं, ही भीती मला त्या दिवसांत सारखी वाटायची. खळ्यावर धान चुरताना, बैलांच्या मागे फिरत असताना अचानक ते वाक्य ओठांवर यायचं. मी दचकायची. मग मोठमोठ्याने बैलांना हाकलायची.

पुढे शिकवायला लागल्यावर मला कळलं की त्या ओसरीवर मी चुकीचं काही विचारलं नव्हतं. हे पात्र असं का वागतं, या प्रश्नाचं उत्तर 'कारण लेखकाला तसा शेवट हवा आहे' असं असेल, तर ती गोष्ट लंगडी. सिनेमात तर हे उघडं पडतं. शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळे एकमेकांना माफ करतात, आणि बाहेर पडताना आपण विचारतो, याला झालं काय अचानक? पण तेव्हा मला हे शब्द येत नव्हते. मला एवढंच समजत होतं की ओसरीवरची ती बाई परत गेली की मलाही जावं लागेल. आईने माझी लग्नाआधीची पेटी खाटेखालून काढली होती. मंडईच्या दुसऱ्या दिवशीची बस ठरली होती.

मंडईच्या दिवशी सकाळीच जवाईबापू आले. नवा शर्ट, हातात जिलेबीचा पुडा. आईच्या पाया पडले. मला म्हणाले, "बारीक झाली वो तू." मऊ आवाजात. भाऊने त्यांना शंकरपट पाहायला नेलं. आई स्वयंपाकात गुंतली.

दुपारी नाटकातली बाई आली. रजनीबाई. नागपूरची, पस्तिशी उलटलेली, आवाज बसलेला. बायांची उतरायची सोय गुरुजींच्या घरी, म्हणजे आमच्याकडे. आल्या आल्या तिने पाय धुतले, भात आणि वांग्याची भाजी जेवली, खाटेवर आडवी झाली आणि पाय भिंतीला उंच टेकवले. म्हणाली, बसमध्ये उभं राहून पाय सुजले.

"गुरुजीनं सांगतलं का तू मले गोष्ट सांगशीन," ती म्हणाली. "लंबी नको सांगू. कुठी हासू, कुठी रडू, आन शेवटी मरतो का जगतो, बस. बाकी खड्ड्यातला पाहून घेईन."

मी सांगितलं. दारुडा नवरा. पहिल्या अंकात मार. दुसऱ्यात माहेर.

"आन तिसऱ्यात परत," ती डोळे मिटूनच म्हणाली. "काल बी हेच होतं, परवा बी हेच. रोज तेच रडू रडून घसा गेला माह्या. काई वेगळं हाय का या बाईत? काई बी सांग. पायात लचक हाय, मांजर पाळते, काई बी. मले बी जरा मजा येईन."

मी म्हणाले, "तिचा नवरा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावते."

कसं बोलून गेले मला आजही कळत नाही. आईला नाही सांगितलं, भावाला नाही सांगितलं, आणि पाय वर करून पडलेल्या परक्या बाईला सांगितलं. बहुतेक ती 'या बाईत' म्हणाली म्हणून. माझ्याबद्दल कोणी विचारलं असतं तर मी काहीच नाही म्हटलं असतं. तिच्याबद्दल विचारलं, तेव्हा मला सगळं माहीत होतं. खिडकीची जाळी, मैदानातला सिनेमा, अंगणाची भिंत, कोणी न पाहिलेला गजरा, सगळं मी तिच्या नावावर सांगितलं. 

रजनीबाईंनी एक डोळा उघडला. "हे नाटकात हाय?"

"नाई."

"बरं," म्हणाल्या आणि कुशीवर वळून झोपल्या. जरा वेळाने घोरायलाही लागल्या. मला वाटलं, ऐकलंच नाही.

नाटक नेहमीसारखं लांबलं. लोक तणसावर बसलेले, एकीकडे पुरुष, एकीकडे बाया, लेकरं अंगावर घोंगडी घेऊन झोपलेली. पुढे चार खुर्च्या, त्यातली एक जवाईबापूंना. मी विंगेत, साड्या आणि सामान सांभाळायला. दोन अंक खड्ड्यातल्या माणसाच्या भरवशावर व्यवस्थित पार पडले. बाईंनी रडायचं तिथे रडून घेतलं. तिसऱ्या अंकाचा शेवट आला तेव्हा पूर्वेकडे फटफटायला लागलं होतं. भाऊ हात जोडून उभा. खड्ड्यातून आवाज आला, "झालं गेलं विसरले मी."

"झालं गेलं विसरले मी," रजनीबाई म्हणाल्या.

"चला, आपल्या घरी," खड्डा म्हणाला.

बाई थांबल्या. भाऊकडे पाहत राहिल्या. मग बसलेल्या आवाजात, अगदी साधं विचारावं तसं विचारलं, "येतो मी. पन कामावर जाताना बाहेरून कुलूप लावसान, त किल्ली कोनाजवळ राहीन?"

खड्ड्यातला घाबरला, पानं उलटायला लागला. भाऊ तसाच हात जोडून. त्याच्या नाटकात कुलूप नव्हतं. त्याने इकडे तिकडे पाहिलं, मग विंगेत पाहिलं, माझ्याकडे. मी नजर खाली घातली नाही. भाऊ हुशार माणूस, फक्त लिहिताना त्याची हुशारी संदेशाखाली दबायची. त्या एका नजरेत त्याला सगळं कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला. खड्डा ओरडत होता, "चल, उजाडलं! गुरुजी, चल, उजाडलं!" भाऊ काही म्हणेना.

मी पुढच्या खुर्चीकडे पाहिलं. जवाईबापूंचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला होता. तिथेच राहिला.

आणि मग बायांच्या बाजूने आवाज आला. आमच्याकडे प्रेक्षक नाटकातल्या माणसांशी बोलतात, त्यात काही विशेष नाही. पण तो आवाज माझ्या आईचा होता. "विचारून राह्यली त सांग ना गा तिले! घर तिचं हाय, किल्ली तिच्यापाशी दे. कोंबडी हाय का ते कोंडायले?"

बाया हसल्या. कोणी टाळ्या वाजवल्या. शेवटी कोणीतरी पडदा पाडला. संदेश राहून गेला.

मी या प्रसंगावर पुढे पुष्कळ विचार केला. आईने महिनाभर माझी पेटी भरली, आणि तीच आई तणसावर बसून एका परक्या बाईच्या बाजूने बोलली, तेही न विचारता, न थांबता. तिचं मन बदललं असं नाही. मनात ते आधीपासून होतं. चुलीजवळच्या लेकीला ते देता येत नव्हतं, कारण तिथे लोक काय म्हणतील होतं, जवाईबापूंचा मान होता, आणि आपण काय सोसलं याची आठवणही होती. स्टेजवरच्या बाईला त्यातलं काही चिकटलेलं नव्हतं. गोष्ट कशासाठी असते, असं मुली विचारायच्या तेव्हा मला हे सांगावंसं वाटायचं. सांगितलं कधी नाही. आईबद्दल वर्गात बोलायला जीव धजावत नसे.

सकाळी आई चहा ठेवत होती. भाऊ तोंडावरचा रंग न पुसता आत आला. "माय," म्हणाला, "ते कुलूप नाटकातलं नव्हतं."

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चहा उतू गेला. तिने तो उतरवला नाही. ती उठली, दाराजवळ ठेवलेली माझी पेटी दोन्ही हातांनी उचलली, आणि पुन्हा खाटेखाली सारली. मग पदराला हात पुसून ओसरीत गेली. जवाईबापू बसले होते. "चहा घेऊन जा जवाईबापू," ती म्हणाली. "पोरगी राहीन इथीच."

ते भांडले नाहीत. चहा घेतला. निघताना माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "मी काळजीनंच लावत होतो वो."

"मालूम हाय मले," मी म्हणाले. ते बसकडे गेले. पुढे रीतसर सोडचिठ्ठी झाली, मी शिकले, मास्तरीण झाले. लोक म्हणतात, चांगलं झालं. झालंच.

भाऊने मात्र पुन्हा नाटक लिहिलं नाही. गावात बोभाटा झाला की गुरुजीचं नाटक पडलं, ऐन शेवटी गुरुजी वाक्य विसरला. त्याने कोणाला खरं सांगितलं नाही. माझ्यासाठी नाही सांगितलं.

मग मला चैन का पडत नाही? काही वर्षांमागे भद्रावतीला विहारातल्या एका कार्यक्रमात एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, मी माजरीची, तुम्ही मले ओळखत नाई, मी तुमाले ओळखतो. आमच्याकडे बायाही 'ओळखतो'च म्हणतात. जवाईबापूंनी दुसरं लग्न केलं हे मला माहीत होतं. ती हीच. गोल चेहरा, बोलकी. नातवंडांचं बोलली, गुडघ्यांचं बोलली. मला एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो मी विचारला. घराला कुलूप असतं का?

ती कपाळावर हात मारून हसली. "त्याचीच त कटकट हाय बाई. हे कुलूप लावूच देत नाई. सगळे गावाले गेलो तरी नाई. एकदा चोर आला, स्टीलचे सगळे भांडे नेले. मी म्हणतो, आता त घ्या एक कुलूप. त म्हणते, भांडे जाऊ दे. लगन झालं तवापासून असंच. काऊन असं करते, मले त समजलंच नाई."

मी तिच्याबरोबर हसले. खूप हसले. बसमध्ये बसल्यावर मात्र राग आला, इतका की खिडकीची काच हाताने दाबून धरली. ती सुखात आहे याचा आनंद होता, खोटं सांगत नाही. पण तो बदलला, आणि माझ्यासाठी नाही बदलला. मी गेल्याशिवाय तो बदलला नसता, आणि बदललेला पाहायला मी तिथे नव्हते. याला काय म्हणायचं, कथानक की पात्र की आशय? इतकी वर्षं शिकवलं, पण याचं उत्तर मला लिहिता येणार नाही.

परवा न राहवून गावी गेले. भाऊ आता थकला आहे, खळ्यावर खुर्ची टाकून बसतो. धानाचे पुंजणे रचून झालेले, मळणीचं यंत्र घरघरत होतं. दूर मंडईचा भोंगा वाजत होता. मी खळ्यावर येरझाऱ्या घालत होते.

"बस नं एका जागी," भाऊ म्हणाला. "दरवर्षी या दिवसांत अशीच करते."

मग मी बसले आणि त्याला ती भद्रावतीची गोष्ट सांगितली. कुलूप, चोर, भांडी, सगळी. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने सांगावी लागली.  हातातली धानाची लोंबी चोळत राहिला.

"म्हणजे तो सुधरला," शेवटी म्हणाला.

"सुधरला."

"म्हणजे माहं नाटक पडलं नाई."

त्याचे डोळे भरले होते. इतकी वर्षं हा माणूस ते मनात ठेवून बसला होता, हे मला तेव्हा कळलं.

"नाई पडलं, भाऊ," मी म्हणाले. "तुह्या तिसऱ्या अंकासारखंच झालं. फक्त त्या घरात मी नव्हतो."